न घातलेला टाका

बाबांनी पारावर जाणं सोडलं, त्याला कारण चहा झाला. वय चौऱ्याहत्तर. गेली वीस वर्षं ते संध्याकाळी साडेपाचला घराबाहेर पडायचे. मंडळी जमली की समोरच्या टपरीवरून चहा यायचा, गप्पा व्हायच्या आणि सातला बाबा परत. गेल्या वर्षापासून त्यांची झोप उडाली. रात्री दोनला उठून अंधारात बसून राहायचे. डॉक्टरांनी दुपारनंतरचा चहा बंद करायला सांगितला. बाबांनी तो बंद केला आणि आठवड्याभरात पारावर जाणंही थांबवलं. "सगळ्यांच्या हातात ग्लास, आणि मी काय नुसता बसून राहू?" एवढंच म्हणाले.

त्यामुळे होंगयाछाबद्दल वाचलं तेव्हा माझं मन पहिल्यांदा पारावर गेलं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तेव्हा झाडाचं कुतूहल होतंच. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी बाबांसाठी वाचत होते. आत्या दोन दिवसांसाठी साताऱ्याला आली होती. ती बाबांची धाकटी बहीण. वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवण्यात तिची बत्तीस वर्षं गेली. दुपारचं जेवण आटोपल्यावर मी तिला गाठलं.

"चीनच्या फुजियान प्रांतात सातशे ते हजार मीटर उंचीवर मोजकी गावं आहेत. तिथे एक रानटी चहा उगवतो. होंगयाछा, म्हणजे लाल कोंबाचा चहा. हांगचौच्या चहा संशोधन संस्थेतल्या लोकांनी त्याची पानं तपासली. २०१८ साली ते छापून आलं. त्यात कॅफीन नाहीच. सर्दीवर चालतो, पोटदुखीवर चालतो, असं तिथले लोक म्हणतात."

"लोक म्हणतात, हे वाक्याच्या सुरुवातीला ठेव. शेवटी ठेवलंस की तोवर ऐकणाऱ्याचा विश्वास बसलेला असतो. बरं, कॅफीन कमी आहे की नाहीच?"

"नाही म्हणण्याइतकं. त्याच्या जागी थिओब्रोमीन आहे. कोकोत असतं ते."

आत्याचा चेहरा जरा खुलला. "थिओब्रोमीन! जुनी ओळख आहे. १८४१ साली वोस्क्रेसेन्स्की नावाच्या रशियन रसायनज्ञानं कोकोच्या बियांतून काढलं. मुलं हमखास विचारायची, यात ब्रोमीन कुठंय? ब्रोमीनचा संबंधच नाही. लिनियसनं कोकोच्या झाडाला देवांचं अन्न अशा अर्थाचं नाव दिलं होतं, त्यावरून हे आलं. एके काळी लघवी वाढवायला, रक्तवाहिन्या सैल करायला डॉक्टर ते लिहून द्यायचे. पुढे जास्त चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं."

मी कागद-पेन्सिल घेतली. हा भाग मला फार आवडतो. वर्गातही मी इथे रेंगाळते. चहाचं झाड कॅफीन एकदम बनवत नाही. झँथोसीन नावाच्या साध्या रेणूपासून सुरुवात होते आणि त्यावर मेथिल गट एकेक करून टाक्यासारखे घातले जातात. पहिला सातव्या जागी, दुसरा तिसऱ्या जागी. इथवर आलं की थिओब्रोमीन तयार. मग शेवटचा टाका पहिल्या जागी पडतो, आणि त्याचं कॅफीन होतं. शेवटचे दोन टाके घालणारं एन्झाइम एकच. त्याचं जनुक मिसाको काटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली चहाच्या पानातून वेगळं केलं. पुढे असंही दिसलं की या एन्झाइमच्या लांबलचक साखळीत एका ठरावीक जागचं एकच अमिनो आम्ल बदललं, तरी त्याचं काम बदलतं. होंगयाछात या जनुकातच फेरफार झालेला आहे. त्याचं एन्झाइम दुसरा टाका घालतं आणि तिथेच थांबतं.

"एकुलतं एक झाड आहे का असं?"

"नाही, तीच तर गंमत. ग्वांगडाँगमध्ये नानकुन डोंगर आहे. तिथे एक केसाळ पानांचा चहा पूर्वापार पितात. हुंग-ता चांग या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९८१ साली त्याला कॅमेलिया टायलोफायला हे नाव दिलं. आता त्याला कोको टी म्हणतात. त्यातही थिओब्रोमीनच. वरच्या ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या नावाची आणखी एक जात आहे, तिचंही तसंच. चहाच्या कुळात हे एकाहून जास्त ठिकाणी घडलंय."

"आणि कॅफीन नाही म्हणून झोप येते, असं तुझं म्हणणं."

"तू सांग ना. तुझा प्रांत आहे."

आत्यानं तिचा जुना वर्गातला दाखला काढला. जागेपणी मेंदूत ॲडेनोसीन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. "आता स्टँडवर एसटी लागली, की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात बघ. कॅफीन तेच करतं. ॲडेनोसीन येतं, बघतं तर सगळीकडे रुमाल. बसायला जागा नाही, म्हणून झोप नाही. थिओब्रोमीनही रुमालच टाकतं, पण त्याचा रुमाल हलका. सीटवर नीट टिकत नाही. त्यामुळे जागवण्याचा गुण त्याच्यात फारच कमी. इथपर्यंत मी तुझ्या बाजूची."

"आणि पुढे?"

"पुढे हे, की ते शरीरात जास्त वेळ राहतं. कॅफीन साधारण पाच तासांत निम्मं होतं. माणसागणिक फरक पडतो, गरोदरपणात तर ते खूपच रेंगाळतं. थिओब्रोमीन निम्मं व्हायला सात ते बारा तास लागतात. दुबळं, पण मुक्कामी. शिवाय कुत्र्यांना ते झेपत नाही, म्हणून कुत्र्याला चॉकलेट देऊ नये म्हणतात. माणसाला झेपतं. पण झेपतं हे वेगळं आणि बरं करतं हे वेगळं."

"आपलं यकृतही ते बनवतं, आत्या. प्यालेल्या कॅफीनचा थोडा भाग एक टाका उसवून थिओब्रोमीनच होतो. ते काही शरीराला परकं नाही."

"थोडा भाग. दहावा हिस्सा, फार तर थोडा वर. तुझ्या लाल कोंबाच्या कपात मात्र सगळं तेच. औषधशास्त्र ज्या दिवशी किती हा प्रश्न विचारायचं विसरेल, त्या दिवशी त्याचं पुराण होईल."

मी हार मानली नाही, कारण माझ्याकडे खोकल्याचा मुद्दा होता. लंडनच्या इंपिरियल कॉलेजातल्या संशोधकांनी दहा निरोगी माणसांना थिओब्रोमीन देऊन मिरचीतल्या कॅप्सायसिनचा फवारा हुंगायला लावला होता. थिओब्रोमीन घेतल्यावर खोकला यायला जास्त कॅप्सायसिन लागलं. हे २००५ साली प्रसिद्ध झालं. मी म्हटलं, "म्हणजे डोंगरातली माणसं सर्दीवर हा चहा घेतात, ते उगाच नाही."

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. ती अशी गप्प झाली की पुढचं वाक्य तयार असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"मात्रा किती होती?"

"एक हजार मिलिग्रॅम."

"कपभर चहात पन्नास मिलिग्रॅम धरलं तर वीस कप. सर्दी झालेला कुठला शेतकरी वीस कप चहा पितो? आणि पुढचं वाचलंस का? पुढे याच थिओब्रोमीनच्या गोळ्या करून जुनाट खोकल्याच्या जवळपास तीनशे रुग्णांना दिल्या. तीनशे मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. अर्ध्यांना खऱ्या, अर्ध्यांना खोट्या. २०१७ साली निकाल आला. ठरवलेल्या कसोटीवर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. दहा निरोगी माणसांत दिसलेली गोष्ट तीनशे आजाऱ्यांत टिकली नाही. यात कुणी फसवलं नाही. विज्ञानात बहुतेक आशांचं असंच होतं, आणि ते लोकांना सांगायची आपली तयारी नसते."

"मग डोंगरातल्या लोकांना बरं वाटतं, ते खोटं?"

"खोटं कशाला? सर्दीला कढत पाण्यानं बरं वाटतं. वाफेनं वाटतं. आईनं करून दिलं म्हणून वाटतं. हे सगळं खरं आहे. त्याचं श्रेय थिओब्रोमीनच्या नावावर लिहायचं असेल, तर मात्र पुरावा लागेल."

माझ्याकडे दुसरा कागद होता. चहातली कॅटेचिनं. साध्या हिरव्या चहात ज्याचा बोलबाला असतो ते ईजीसीजी. कोको टी आणि होंगयाछात त्याचा जुळा भाऊ जास्त, जीसीजी. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक हात वरच्या ऐवजी खाली वळलेला. शिवाय एका ग्लुकोजला चार गॅलिक आम्लं चिकटलेला एक रेणू, जो रोजच्या चहात सहसा भेटत नाही. कोको टीचे अर्क उंदरांना चरबीच्या खाण्याबरोबर देऊन पाहिलेत, बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर घालून पाहिलेत, आणि काही चांगले परिणाम नोंदलेले आहेत.

"बशीत," आत्या म्हणाली. "बशीतल्या पेशीला यकृत नसतं, आतडं नसतं. कॅटेचिन पोटात गेल्यावर त्यातलं रक्तात फार थोडं पोचतं. बशीत जेवढं ओतलं तेवढं रक्तात आणायचं तर कप पुरणार नाहीत, अर्काच्या गोळ्या लागतील. आणि तिथे धोका सुरू होतो. हिरव्या चहाच्या गोळ्यांतून दिवसाला आठशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांच्या यकृताच्या तपासण्या बिघडू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ साली सांगितलंय. उकळलेला चहा आणि त्याच चहाचा अर्क, हे एकाच घरातले दोन वेगळे स्वभाव आहेत."

"आणि तुझा तो जीसीजी," ती पुढे म्हणाली, "इतका दुर्मीळ नाही. हिरवा चहा जोरात तापवला की ईजीसीजीचाच हात वळून तो होतो. बाटलीबंद चहात चांगला सापडतो, कारण तो टिकावा म्हणून तापवलेला असतो. चार गॅलिकचं म्हणशील, तर आपल्या हिरड्यात इतर टॅनिनांबरोबर पाच गॅलिकवालाही आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी बायका बाळहिरडा वेचतात, उन्हात वाळवतात, पोत्यानं विकतात. त्यांच्या पोत्यातल्या रेणूचं आपल्याला कौतुक नाही. फुजियानमधून आला की लगेच अपूर्व."

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. मी विद्यार्थ्यांना घेऊन त्याच डोंगरात जाते. हिरड्याखाली उभी राहून त्यांना पानांची रचना समजावते. वेचणाऱ्या बाईला तिनं काय वेचलंय ते एकदाही सांगितलेलं नाही.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "आत्या, चुकलं माझं. मी या झाडात काय काय आहे ते तुला मोजून दाखवत बसले. मला हवं होतं ते त्यात जे नाही ते. बाबांना खोकला नाही. त्यांना साडेपाचचा चहा हवाय. झाडानं काही बरं करावं अशी अट आपण का घालतोय? चहा असावा, चहासारखा कडवट लागावा, आणि रात्री दोनला उठवू नये. एवढं पुरे नाही का?"

"पुरे आहे," ती लगेच म्हणाली. इतकी लगेच, की मीच बघत राहिले. "ते तू पहिल्यांदा म्हणाली असतीस, तर मी भांडलेच नसते. पण मग औषधी हा शब्द सोड. कारण एकदा का कुणी डब्यावर सर्दी, पोटदुखी, कर्करोग असं छापलं, की दहा वर्षांत कुणीतरी तपासून ते खोडणार. आणि मग त्याबरोबर त्याचा खरा गुणही केरात जाणार."

तरी तिनं मला सहज सोडलं नाही. कॅफीन काढलेला चहा बाजारात आहेच की, असं म्हणाली. ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियसनं १९०६ साली कॉफीतलं कॅफीन काढायचं पेटंट घेतलं, तेव्हा बेंझीन वापरायचे. आता दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरतात, इतर द्रावकंही वापरतात. मी सांगितलं की या धुण्यात कॅफीनबरोबर स्वाद जातो, कॅटेचिनांचाही काही भाग जातो; आणि जे झाड मुळातच तिसरा टाका घालत नाही, त्याला धुवावं लागत नाही. ती म्हणाली, चवीचं मान्य. पण झोपेचं सिद्ध करायला हवं.

"कसं करशील?" मी विचारलं. "चव वेगळी आहे म्हटल्यावर लोक ओळखणार की कुठला कप कुठला."

आणि मग आत्यातली शिकवणारी बाई जागी झाली. असा प्रयोग सुचताना मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. ती उठून फेऱ्या मारायला लागली. "साध्या चहाशी तुलना करायचीच नाही. दोन्ही कपांत तुझा लाल कोंबच घ्यायचा. तेच पान, तोच रंग, तीच चव. एका कपात मोजून कॅफीन घालायचं, साध्या चहात असतं तेवढंच. चव लपवायला थोडं आलं दोन्हीत. संध्याकाळी चहा पिणारी, झोप बिघडलेली म्हातारी माणसं घ्यायची. दोन आठवडे एक, दोन आठवडे दुसरा. कुणाला केव्हा कुठला, ते पिणाऱ्यालाही ठाऊक नको आणि विचारणाऱ्यालाही नको. झाड आपणच आपली तुलना पुरवतं! कारण त्यात नेमकी एकच गोष्ट नाही, आणि ती आपल्याला परत घालता येते."

"संध्याकाळच्या कॅफीननं झोप कमी होते हे तर झालंय ना सिद्ध?"

"झालंय. निजण्याआधी सहा तास घेतलं तरी तासाभराहून जास्त झोप गेली, असं एका प्रयोगात निघालं. पण तिथेही मात्रा चारशे मिलिग्रॅम. दादाचा टपरीवरचा ग्लास म्हणजे छटाकभर चहा. त्यानंच झोप उडते की वयानं उडते, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते शहाणपणाचं आहे, पण ते दादाचं मोजमाप नाही."

इथवर आमचं जुळलं. मग आम्ही जिथे अडकलो, तिथे अजूनही अडकलेल्या आहोत.

आत्याचं म्हणणं असं, की झाडाचं गुपित कळलंय, तर फुजियानच्या डोंगराला हात लावायची गरज नाही. आसामच्या चहात जनुकाची तेवढी जागा बदलायची. मी तिला सांगितलं की ते बोलण्याइतकं सोपं नाही. अख्खं जनुक बंद केलं तर दुसरा टाकाही जाईल. एकच अमिनो आम्ल नेमकं बदलावं लागेल, आणि चहाच्या एका पेशीपासून अख्खं झुडूप उभं करणं जिकिरीचं काम आहे. पण माझी खरी हरकत ती नव्हती. कुठे बदल करायचा हे आपल्याला कुणी दाखवलं? त्या चार गावांतल्या झुडपांनी. ती झुडपं कुणी राखली? ज्यांनी तोडून तिथे साधा चहा लावला नाही, त्यांनी. लाल कोंबाचं झाड राखणं सोपंही नाही. चहा स्वतःचे परागकण स्वीकारत नाही, त्यामुळे शेजारी साधा चहा असेल तर बी मिश्र होतं आणि पुढच्या पिढीत तिसरा टाका परत येऊ शकतो. गुण टिकवायचा तर फांदीचं छाट कलमच करावं लागतं, पिढ्यान्‌पिढ्या, हातानं.

"केरळातले काणी आठव," मी म्हटलं. "अगस्त्य डोंगरात त्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चाची फळं खाऊन थकवा घालवायला शिकवलं. त्यातून जीवनी नावाचं औषध झालं, आणि मिळणाऱ्या पैशातला अर्धा वाटा काणींच्या संस्थेला द्यायचं ठरलं. पुढे अडचणी आल्या, पण निदान कुणाचं देणं लागतो ते कागदावर आलं. तू म्हणतेस तसं जनुक आसामात बदललं तर फुजियानच्या त्या गावांचं नाव कागदावर येईल?"

"त्यांचं ऋण मी नाकारत नाही. पण रात्री जागणारी म्हातारी माणसं जगात किती आहेत, आणि ती झुडपं किती? त्यांच्या कोंबांवर सगळ्यांनी हात टाकला तर चार हंगामांत डोंगर बोडका होईल. झाड वाचवायचं असेल, तर त्याचा गुण दुसरीकडे न्यायलाच हवा."

"गुण न्या, पण नाव आणि वाटा पुसून नको."

"वाटा कायद्यानं द्या. पण त्यासाठी झोपेला थांबवू नका."

बोलणं तिथेच थांबलं, कारण बाबा दारात उभे होते. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. "मला तो चीनचा चहा मिळणार नाही एवढं कळलं," ते म्हणाले. "माझं मोजमाप कोण करणार आहे?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "कॅफीन काढलेला चहा मिळतो का इथे?"

संध्याकाळी मी साध्या आणि कॅफीन काढलेल्या, अशा दोन्ही चहांच्या पुड्या आणल्या. आलं आणि वेलची दोन्हींत भरपूर कुटून घातली, म्हणजे चवीवरून ओळखू येऊ नये. सारख्या कागदात अठ्ठावीस पुड्या बांधल्या. कुठल्या दिवशी कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि वहीत लिहून वही कपाटात कुलपात ठेवली. "मलाही सांगू नकोस," आत्या म्हणाली. ती पुण्याहून रोज सकाळी फोन करून बाबांना विचारणार होती, किती वाजता झोपलास, कितीदा उठलास, आणि पलीकडे लिहून ठेवणार होती. टपरीवाल्याला बाबा स्वतः सांगणार होते, की माझा ग्लास या पुडीचा, वेगळ्या पातेल्यात.

साडेपाच वाजत आले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पहिली पुडी वरच्या खिशात ठेवली, खिसा वरून एकदा चाचपला, आणि चपला घालून पाराकडे निघाले.